शनिवारच्या आठ तिरड्या

"हे केवढ्याला?" मॅडमनी विचारलं, आणि आमच्या मालकांच्या हातातला कोयता बांबूच्या पेरावर तसाच थांबला.

मॅडम बोट दाखवत होत्या ती तिरडी होती. पलीकडच्या आळीतले काशिनाथअण्णा शिंपी नव्वदी पार करून त्या पहाटे गेले होते. त्यांची माणसं मडकं नि पांढरं कापड आणायला बाजारात गेली होती, म्हणून आम्ही तिरडी बांधून भिंतीला टेकवून ठेवली होती. खेडेगावात हे काम भावकी करते, पण साताऱ्यासारख्या शहरात आता गाठी कोणाला मारता येतात? आमच्या बुरूड गल्लीतून बांधूनच नेतात. शेजारी माझी सुपं, टोपल्या, रोवळ्या असा पसारा मांडलेला होता. तो सगळा ओलांडून बाई नेमक्या तिरडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. तिरडी मागायला आलेल्या माणसाला कोण गेलं, कसं गेलं, हे आपण होऊन विचारायचं नाही. त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल. त्याच्याशी भाव करायचा नाही आणि निघताना 'परत या' म्हणायचं नाही. मालकांनी कोयता खाली ठेवला, हात पुसले आणि हळू आवाजात विचारलं, "उंची किती धरू, ताई?"

"मोठी माणसं आरामात आडवी होतील अशी."

"किती पायजेत?"

"आठ."

मालकांनी डोक्याला हात लावला. घाटात कुठंतरी गाडी गेली असणार असं माझ्या मनात आलं. मी आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं, म्हटलं, "घ्या ताई. धीर धरा." त्यांनी पाणी घेतलं नाही, स्वतःची बाटली दाखवली आणि छान हसल्या. धक्क्यानं होतं असं कधीकधी. आमच्या गल्लीत एक बाई नवऱ्याची तिरडी न्यायला आली होती, तीही हसत होती.

"कवा पायजेत?" मालकांनी विचारलं.

"पुढच्या शनिवारी. सकाळी पोचल्या तर बरं."

मी मालकांकडे बघितलं, मालकांनी माझ्याकडे. मरणाला इतकी आगाऊ तारीख यमसुद्धा देत नाही.

मग उलगडा झाला. त्यांचं नाव ऋजुता मॅडम. माणूस मराठी, पण वाढल्या मुंबईत आणि शिकल्या परदेशात. त्यांचा एक ट्रस्ट होता आणि त्या ट्रस्टतर्फे वाईच्या अलीकडे एका फार्महाऊसवर शनिवार-रविवार हस्तकलेचा सोहळा होणार होता. आजच्या कारागिरांचा गौरव, त्यांना आधार, जेवणं, गप्पा, गाणं असं सगळं. सोहळ्याचं नाव होतं 'हात'. नुसतंच 'हात'. पुढं काय, असं मालकांनी विचारलं तर मॅडम म्हणाल्या, तेच तर ओपन ठेवलंय.

"मॅडम," मी म्हटलं, "ते घरात ठेवत न्हाईत."

"नाही नाही, आम्ही लॉनवरच ठेवणार आहोत."

"ते एकदाच वापरत्यात वो."

"म्हणूनच मला ते आवडलं. किती नम्र आहे. काही मिरवत नाही."

मी पुढं बोलणार, तेवढ्यात त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. फार्महाऊसच्या रस्त्याकडच्या बाजूला ट्रस्टनं एक मोठी शेड बांधली होती, पाण्याचा हौद, वीज, सगळं. सोहळ्याच्या शेवटी एका कारागिराला ती कायमची कामाला मिळणार होती. हे ऐकलं आणि मालकांनी माझ्या पायावर पाय दिला. आमची शेड गटारावर होती. रस्ता रुंद होणार म्हणून नगरपालिकेची नोटीस येऊन महिना झाला होता. दिवाळीच्या आत उठा म्हणून सांगितलं होतं, आणि बांबू घेऊन माणूस भाड्याच्या खोलीत जाऊ शकत नाही. मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

निघताना मॅडम म्हणाल्या, "आवडलं लोकांना तर रिपीट ऑर्डर देईन हं. मी परत येणारच." मालकांनी खाली मान घालून हात जोडले. पंचवीस वर्षांत 'परत येते' म्हणणारं तिरडीचं गिऱ्हाईक त्यांनी पहिल्यांदाच बघितलं होतं.

त्या रात्री मी म्हटलं, "अवो, हे बरं न्हवं. कुणी मेलं न्हाई आन् आठ बांधायच्या?"

"आधी जागा हुंदे," मालक म्हणाले. "मग सांगू."

"आन् कोणी वळखलं तर?"

"वळखलं तर ते सांगतील. आपुन कशाला सांगायचं?"

मला हे पटलं नाही, पण मीच बांबू निवडले. खोटं कशाला बोलू? एकाही गाठीला मी नको म्हणाले नाही.

शनिवारी आठही तिरड्या लॉनवर दगडी ठोकळ्यांवर मांडल्या. वर पांढऱ्या खादीच्या गाद्या, लोड, तक्के. प्रत्येकीजवळ एक पाटी. पाटीवर त्यांनी ठेवलेलं नाव होतं, 'विसावा'. स्मशानाच्या वाटेवर तिरडी जिथं खाली टेकवतात त्या जागेला आपल्यात विसावाच म्हणतात. म्हणजे इतकं चुकूनसुद्धा बाई बरोबरच आल्या होत्या.

मला त्यांनी एका झाडाखाली बसवलं. माझी सुपं झाडाला टांगली, त्यातल्या दोन सुपांत वेफर्स भरले. मी सूप विणत बसायचं आणि लोकांनी बघायचं, असा कार्यक्रम होता. एक पोरगी कॅमेरा घेऊन आली, म्हणाली, "मावशी, चष्मा काढाल का? जरा ऑथेंटिक वाटेल."

"चष्मा काढला तर बोट कापंल," मी म्हटलं. "त्ये चालंल का ऑथेंटिक?"

ती विचारात पडली. तिनं खरोखर विचार केला, हे मला अजून आठवतं.

गंमत अशी की तिरडी ओळखली नाही असं तिथं फारसं कोणी नव्हतं. मधू माळी म्हणून फार्महाऊसचा गडी होता. ट्रकमधून माल उतरवताना त्यानं पहिलीला हात लावला आणि लगेच मागं घेतला. "आई शप्पथ," एवढंच म्हणाला आणि जाऊन हातपाय धुऊन आला. आचाऱ्यानं तिकडं ताट न्यायला नकार दिला. गडीमाणसांत तासाभरात बातमी फिरली. पाहुण्यांत फिरली नाही असंही नाही. पुण्याचे एक प्रोफेसर आले, दाढीवाले, खांद्याला शबनम. ते पहिल्या 'विसाव्या'शी आले आणि जागच्या जागी थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं की माणसानं ओळखलं. बापाला याच्यावरूनच नेलं असणार की. त्यांनी पाटी वाचली. मग पाटीखालचं मॅडमचं नाव वाचलं. मग आजूबाजूला बघितलं, चारपाच माणसं हातात ग्लास घेऊन ऐसपैस बसली होती. प्रोफेसरांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "फार प्रामाणिक फॉर्म आहे." आणि बसले. अगदी कडेला बसले, पण बसले.

माझ्या शेजारी सिदूभाऊ कुंभार चाक घेऊन बसला होता. शेडसाठी तोही आला होता, आलेला प्रत्येक कारागीर त्या शेडसाठीच आला होता. तो मला म्हणाला, "वैनी, तू सांग की त्यास्नी. तुजा माल हाय."

"तू सांग. तुला काय वाचा न्हाई?"

"मी सांगितलं तर म्हणतील, शेडसाठी हिच्या मालाची बदनामी करतोय."

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न तिथं प्रत्येकानं दुसऱ्याकडे ढकलला होता. मला आतून हसू येत होतं. मनात म्हणत होते, बसा, बसा. शिकलेली माणसं तुम्ही, एवढे वाचता, एवढं फिरता, आणि ज्याच्यावरून एक दिवस जायचंय ते ओळखू येत नाही, नाहीतर ओळखून सांगता येत नाही. सगळा दिवस मी असं मनातल्या मनात त्यांना नावं ठेवत होते आणि हातानं सूप विणत होते.

रविवारी दुपारी समारोप. प्रमुख पाहुण्या माईसाहेब. ते फार्महाऊस, ती जमीन, सगळी माईसाहेबांची. ऋजुता मॅडम त्यांच्या पुतणसून लागायच्या. शेडची जागा माईसाहेबांनीच ट्रस्टला दिली होती, आणि कोणाला मिळाली ते त्यांच्याच तोंडून जाहीर व्हायचं होतं. वय त्र्याऐंशी, पांढरं पातळ, हातात काठी, आवाज खणखणीत. त्या गाडीतून उतरून लॉनच्या कडेला खुर्चीत बसल्या. स्टेज पन्नास पावलांवर होतं आणि त्यांचे गुडघे दुखत होते.

तिथं ऋजुता मॅडमला सुचलं.

"माई, तुम्ही चालायचंच नाही. आपले कारागीर तुम्हाला नेतील. विसाव्यावर. खांद्यावर घेऊन."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण बाईंना एकदा सुचायला लागलं की थांबत नसे. चार कारागीर चार बाजूंना. माईंनी तक्क्याला टेकून निवांत पडायचं. "म्हणजे हात आणि खांदे, बरोबर?" त्या कॅमेरावाल्या पोरीला म्हणाल्या. मग सिदूभाऊकडे वळल्या, "दादा, तुम्ही पुढं चाला. तुमचं ते छोटं मडकं घ्या हातात. त्यात जरा निखारे टाकू, धूप घालू. सुंदर दिसेल." पाहुण्यांना ओंजळीत फुलांच्या पाकळ्या वाटल्या, वाटेत उधळायला.

जाणता माणूस शोधून आणला असता तरी इतकी बिनचूक तयारी झाली नसती. फक्त मयत व्हायचं राहिलं होतं.

चार खांद्यांतला एक खांदा आमच्या मालकांचा. ते डाव्या बाजूला पुढं उभे होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. प्रोफेसर आपल्या ओंजळीतल्या पाकळ्या मोजत असल्यासारखे खाली बघत होते. मधू माळी आंब्याच्या झाडामागं गेला. सगळे मूग गिळून बसले होते. दोन जणांनी माईसाहेबांना दंडाला धरून उठवलं आणि त्या काठी टेकत तिरडीकडे निघाल्या.

मी मालकांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, नको. गटारावरची शेड माझ्या डोळ्यांपुढं आली, नोटिशीवरचा शिक्का आला. आता गप्प बसले तर जागा मिळण्यासारखी होती, ते मला दिसत होतं. दोन दिवस सगळे पाहुणे आमच्याच बांबूच्या भोवती फिरत होते. पण जिवंत बाईला आमच्या हातच्या तिरडीवर घालून माझा नवरा खांदा देणार, हे मला बघवेना. मी सूप टाकलं आणि उठले.

"माईसाहेब, बसू नका," मी म्हटलं. "ती तिरडी हाय."

स्टेजवर बासरीवाला वाजवत होता तो थांबला.

माईसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. "मला दिसतंय," त्या म्हणाल्या. "गाडीतून उतरल्यापासून दिसतंय. यजमानांना नेलं, दोन दिरांना नेलं, एका मुलाला नेलं. मला तिरडी कळत नाही होय? मी बघत होते, शंभर माणसांत तोंड कोण उघडतंय."

मला खोटं वाटेल इतकं हलकं वाटलं. आता बाई शाबासकी देणार, असंच माझ्या मनात आलं. मान ताठ झाली माझी.

"तू बांधलीस?"

"मालकांनी आन् मी."

"आठही?"

"व्हय."

"काय म्हणून मागितल्यात ते माहीत होतं?"

"व्हय. म्हाईत हुतं."

"माहीत असून बांधल्यास." माईसाहेब काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. "ही ऋजुता, हिला कळत नाही. ती बाकीची माणसं भित्री आहेत, तोंडदेखली आहेत. पण तू जाणती. कुणाच्या घरी कुणी गेलेलं नसताना तू आठ तिरड्या बांधल्यास, आणि काल दिवसभर त्यांच्यावर माणसं बसलेली बघितलीस. कशासाठी?"

मी खरं ते सांगितलं. "जागेसाठी."

"मग त्यांना कशाला हसतेस?" त्या म्हणाल्या. मी तर तोंडानं हसले नव्हते. त्यांना कसं कळलं, देव जाणे. त्या वळल्या, मधूला हाक मारली आणि त्याच्या हाताला धरून गाडीकडे गेल्या.

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी मालकांचा कोयता घेतला, पहिल्या तिरडीपाशी गेले, गादी फेकली आणि सुतळी कापली. आडवे तुकडे घरंगळून खाली पडले. मग दुसरी. मग तिसरी. कोणाला दाखवायचं म्हणून नव्हे, त्या माझ्या डोळ्यांपुढं नको होत्या. पाचवीला आले तेव्हा मी रडत होते. आठवी कापून झाली आणि मी वर बघितलं तर सगळ्यांच्या हातांत मोबाईल होते.

आणि टाळ्या सुरू झाल्या.

पहिली टाळी प्रोफेसरांची. ते म्हणत होते, "हे आहे. हे खरं आहे." ऋजुता मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी मला मिठी मारली, कोयत्यासकट. मग माईकवर गेल्या आणि मरण, माती आणि हात यांच्याविषयी दहा मिनिटं बोलल्या. ही सगळी त्यांची कल्पना होती असं नाही म्हणाल्या, पण नव्हती असंही नाही म्हणाल्या. शेवटी, माईंना बरं नसल्यामुळं मी जाहीर करते, असं सांगून त्यांनी शेड आमच्या नावावर जाहीर केली.

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघत होते. नाही म्हणता आलं असतं. आजही मी तो क्षण धरून बसते, नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो?

पुढच्या महिन्यात मॅडमचा फोन आला. दिल्लीला असाच सोहळा होता. "शालनताई, तिथं बारा लागतील. बांधायच्या आणि मग त्या दिवशी केल्यात तशा तोडायच्या. तेवढंच. रडू आलं तर उत्तम, नाही आलं तरी चालेल."

मी गेले. दिल्लीला गेले, जयपूरला गेले, गोव्याला दोनदा. रडू दिल्लीच्या पहिल्या खेपेलाही आलं नाही. पण कोयता बरोबर चालायचा आणि टाळ्याही बरोबर पडायच्या. शेड चांगली आहे, हौदाला पाणी आहे. माझी सुपं आता परदेशाला जातात, खोटं कशाला सांगू.

चार वर्षांनी, भाद्रपदात, माईसाहेब गेल्या. सकाळी सातला निरोप आला. त्यांच्या बंगल्यापासून आमची शेड चालत दहा मिनिटांवर, त्यांच्याच जमिनीवर. मालक कोणाला न विचारता उठले, हिरवे सरळ बांबू निवडले आणि तिरडी बांधायला बसले. दर गाठ दोनदा ओढून बघत होते. मी तिरडीवर अंथरायला कडबा झाडून ठेवला. आम्ही आंघोळ करून दाराशी बसलो, न्यायला माणसं येतील म्हणून.

नऊ वाजले, दहा वाजले. कोणी आलं नाही. अकराच्या सुमाराला अंत्ययात्राच समोरच्या रस्त्यानं आली. तिरडी साताऱ्याहून आणली होती, आमच्याच जुन्या गल्लीतून, मालकांच्या चुलतभावाकडून. आम्ही रस्त्याच्या कडेला हात जोडून उभे राहिलो. पायाकडची एक गाठ सैल होती, मला लांबूनच दिसली. खांदेकऱ्यांची पावलं त्यामुळं चुकत होती.

सगळ्यांच्या मागून मधू माळी चालला होता. मी त्याला थांबवलं, म्हटलं, "मधूभाऊ, आमी इतं हाकंच्या अंतरावर. आमाला सांगायचं न्हाई का?"

तो जरा घुटमळला. "माईसाहेबांनीच सांगून ठेवल्यालं," तो म्हणाला. "शालनकडची आणू नका, म्हणल्या. ती कुणी मेल्याशिवाय बांधती."

यात्रा वळणापलीकडे गेली. मालक आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. सकाळी बांधलेली तिरडी मागच्या कुडाला टेकून उभी होती. ती मी सोडली. कोयत्यानं कापली नाही, एकेक गाठ हातानं सोडवत बसले. दुपार झाली त्यात. बघायला कोणी नव्हतं.